कळफलक कोणाच्या हाती?

'मुक्त' आणि 'मोफत' हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द वापरला जातो आणि म्हणून, १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हापासून, मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांना तोच खुलासा पुनःपुन्हा करावा लागतो आहे: येथे प्रश्न किमतीचा नसून, आज्ञावली हवी तशी वापरण्याच्या, उघडून समजून घेण्याच्या, बदलण्याच्या आणि दुसऱ्याला देण्याच्या स्वातंत्र्याचा आहे. मराठी माणसाला हा भेद एका वाक्यात कळतो. पण कळणे आणि ते स्वातंत्र्य प्रत्यक्ष वापरता येणे यांत मोठे अंतर आहे. त्या अंतराविषयी काही लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

साताऱ्यात आम्ही काही मंडळी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एक मदत-बैठक भरवतो. वाचनालयाचा वरचा मजला, चार लांब टेबले आणि चहा, एवढाच सरंजाम. येणारे बहुधा आपल्याच व्यवसायातले: मराठीचे शिक्षक, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, एखाद्या अनियतकालिकाचे संपादक. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबला, तेव्हापासून धडधाकट पण 'जुने' ठरलेले संगणक घेऊन येणाऱ्यांची त्यात भर पडली आहे.

बैठकीचे नियम थोडेच आहेत. एकाने दाराशी बसून फक्त येणाऱ्याचे स्वागत करावे. कशालाही हात लावण्यापूर्वी मजकुराची प्रत दुसरीकडे ठेवावी. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवावे, म्हणजे संगणकात काहीही न बदलता पाहुण्याला ते पारखून घेता येते. 'सोपं आहे हो' हे वाक्य कोणी उच्चारू नये. सोपे असूनही जमले नाही तर दोष आपोआप शिकणाऱ्याच्या माथी जातो. आणि शेवटचा, सर्वांत अवघड नियम: कळफलक पाहुण्याच्याच हाती राहावा.

हा शेवटचा नियम आमचा नव्हे. व्हॅलरी ऑरोरा यांनी (तेव्हा त्या व्हॅल हेन्सन या नावाने लिहीत) २००२ साली लिनक्सच्या वर्तुळात स्त्रियांचे स्वागत कसे करावे याविषयी एक मार्गदर्शिका लिहिली, तीत तो आहे. त्या वर्तुळात 'आधी पुस्तिका वाचा, मग विचारा' असे तिरसटपणे सुनावण्याची प्रथा होती. परंतु कळफलक ओढून घेणारा माणूस तिरसट नसतो. तो प्रेमळ असतो, उत्साही असतो, आणि म्हणूनच त्याला आवरणे कठीण जाते.

गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षिका आल्या. पंचवीस वर्षांपूर्वी गावोगाव हिंडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी तेव्हाच्या एका फाँटमध्ये टंकित करवून घेतल्या होत्या. त्या पिढीच्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाँट गेला की उरतात निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे. बाईंच्या संग्रहाचे तेच झाले होते. सांगणाऱ्या बहुतेक जणी आता हयात नव्हत्या.

आमच्यातला एक तरुण म्हणाला, "बाई, द्या इकडे, पाच मिनिटांचं काम आहे." दुसऱ्याचा आग्रह होता की त्यांनी स्वतःच करावे, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा कुणाचे तरी दार ठोठवावे लागेल. बाईंनी वाद मिटवला: "आधी माझ्या ओव्या वाचवा. मग मला शिकवा. दोन्ही हवंय मला." तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला प्रथम हेच विचारतो की आज काम हवे आहे की शिकायचे आहे. स्वावलंबनाचा आग्रहही लादला तर ती एक प्रकारची सत्ताच होते.

मजकूर युनिकोडमध्ये आला, पण सदोष. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफाराचीही अशीच गत. परिवर्तन करणारी आज्ञावली या अदलाबदलीत अडखळली होती. तो तरुण दुरुस्तीला बसला. एका ओळीत 'म्हायेर' दिसले. शब्दतपासनिसाने त्याखाली तांबडी रेघ ओढली होती. त्याने ते 'माहेर' करायला बोट उचलले, तोच बाई म्हणाल्या, "हात नको लावूस. ती तसंच म्हणायची."

तिथून पुढचा तासभर बाई सांगत होत्या आणि तो ऐकत होता. कोणता दोष यंत्राचा आणि कोणता शब्द त्या बाईच्या तोंडचा, हे त्या खोलीत एकाच व्यक्तीला ठाऊक होते.

कवितेचा अर्थ सांगून टाकणारा शिक्षक आणि कळफलक ओढून घेणारा मदतनीस यांची जातकुळी एकच, असे मला वाटते. दोघेही वेळ वाचवतात. पण मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक शक्यता असते. शब्दतपासणीची यादी तेथे उघडी असते. कोणालाही तीत भर घालता येते. लिब्रेऑफिस ज्या हनस्पेलवर शब्द तपासते, ती हंगेरियनसारख्या प्रत्ययबहुल भाषेच्या गरजेतून जन्मली. मराठीची गरज मराठीच्या जाणकारांनीच सांगायला हवी, आणि ते जाणकार संगणकाच्या दुकानात सापडत नाहीत. ते भीत भीत जिना चढून येतात.

बाई सध्या आपल्या संग्रहातल्या शब्दांची यादी करीत आहेत. 'म्हायेर', 'इसावा' यांच्यापुढे प्रमाण रूप, आणि शब्द कोणत्या गावी ऐकला त्याची नोंद. टंकन त्या दोन बोटांनी करतात. वेळ लागतो. आमचा तरुण शेजारी बसतो, हात मांडीवर ठेवून.