सोळा रुपयांची वर्गणी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी इंदूरला मावशीकडे राहून राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या क्ष-किरण देणाऱ्या सिंक्रोट्रॉनवर काम करायला जात होते. एका पहाटे घरी पोचले तर मावशी गवार निवडत बसलेली. म्हणाली, "अगं, रात्ररात्र जागून तिथे बघतेस तरी काय?"

मी तिला सांगितलं की युरेनियमचा एक अणू आपल्याजवळचे जास्तीत जास्त सहा इलेक्ट्रॉन देऊ शकतो. यू-थ्री-ओ-एट या ऑक्साइडमध्ये तीन युरेनियम असतात आणि आठ ऑक्सिजन. प्रत्येक ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन हवे असतात, म्हणजे तिघा युरेनियमनी मिळून सोळा द्यायचे. "असं समज, तिघा भावांनी मिळून गणपतीला सोळा रुपये वर्गणी दिली. सहाच्या वर कुणी देत नाही. तर कुणी किती दिले?"

ती शेंग मोडता मोडता म्हणाली, "दोघांनी सहा-सहा, एकाने चार." मग जरा थांबून, "नाहीतर दोघांनी पाच-पाच आणि एकाने सहा."

तिसरं उत्तर नाही. या दोन उत्तरांवर कितीतरी वर्षं वाद झाला. सरासरी दोन्हीकडे तीच, ५.३३. पण चार देणाऱ्या युरेनियमजवळ दोन इलेक्ट्रॉन उरतात, पाच देणाऱ्याजवळ एक, सहा देणाऱ्याजवळ काहीच नाही. हे उरलेले इलेक्ट्रॉन ५एफ कक्षकात असतात, आणि पदार्थाचं चुंबकत्व, त्याची वीजवाहकता, त्याचा रंग यांच्या किल्ल्या बऱ्याचशा त्यांच्याच हातात. चार दिलेला युरेनियम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, सहा दिलेला सहज विरघळतो आणि भूजलाबरोबर चालू लागतो. अणुभट्टीतून काढलेलं इंधन हजारो वर्षं जमिनीत पुरून ठेवायचं म्हटलं, तर हा हिशेब चुकून चालत नाही. मला या कामाची ओढ लागली ती इथूनच.

इंदूरला आम्ही यू-थ्री-ओ-एटची एल-थ्री एज, म्हणजे जिथे क्ष-किरणांचं शोषण एकदम वाढतं ती कड, मोजत होतो. १७,१६६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे क्ष-किरण टाकले की युरेनियमच्या आतल्या २पी कक्षकातला इलेक्ट्रॉन उडतो आणि वरच्या रिकाम्या ६डी कक्षकात जातो. म्हणजे ५एफची चौकशी आपण शेजाऱ्याकडे करतो. शिवाय आत पडलेली पोकळी इतकी क्षणभर टिकते की स्पेक्ट्रमची रेघ सात-आठ इलेक्ट्रॉनव्होल्ट पसरते. मोजणी चांगली झाली होती, बीम स्थिर होता, आणि तरी हातात आला तो एक गुळगुळीत उंचवटा. मावशीची दोन्ही उत्तरं त्यात मावत होती.

पुढे फ्रान्समधल्या ग्रेनोबलला बीमटाइम मिळाला. द्राक आणि इझेर या नद्या जिथे मिळतात तिथे युरोपियन सिंक्रोट्रॉनचं ८४४ मीटर घेराचं कडं आहे. इथे एम-फोर एज मोजायची होती, ऊर्जा साधारण ३,७२८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. यात ३डी कक्षकातला इलेक्ट्रॉन सरळ ५एफमध्येच जातो, शेजाऱ्याला विचारायची गरज नाही. पसरट रेघेचा त्रास इथेही आहे, पण त्यावर युक्ती आहे. ३डीची पोकळी भरायला ४एफमधला इलेक्ट्रॉन खाली येतो आणि ३,३३७ इलेक्ट्रॉनव्होल्टचा क्ष-किरण बाहेर टाकतो. सिलिकॉनच्या वक्र स्फटिकांनी त्यातली नेमकी एक बारीक पट्टी वेचायची आणि तेवढीच मोजायची. ४एफची पोकळी जास्त वेळ टिकते, म्हणून रेघ बारीक होते. चार, पाच आणि सहा दिलेल्या युरेनियमचे पीक एकमेकांपासून जेमतेम इलेक्ट्रॉनव्होल्टभर किंवा त्याहूनही कमी अंतरावर असतात, तरी ते सुटे दिसतात. क्रिस्टिना क्वाश्निना, सेर्गेई बुटोरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याच पद्धतीने यू-थ्री-ओ-एटचा निकाल लावला: पाच, पाच, सहा. चार देणारा त्यात कुणीच नाही. तो शोधनिबंध मी किती वेळा वाचला असेन, मोजलेलं नाही.

एवढ्या कमी ऊर्जेचे क्ष-किरण हवेतल्या हवेतच बरेचसे विरून जातात. म्हणून सँपलपासून स्फटिकापर्यंत आणि तिथून डिटेक्टरपर्यंत हेलियम भरलेली प्लॅस्टिकची मोठी पिशवी बसवलेली असते. आमचे सँपल कॅप्टॉनच्या पिवळसर फिल्मच्या दुहेरी आवरणात बंद होते, नखाएवढे. तिथे ते उघडायची परवानगी नव्हती.

पहिल्या रात्री सुरुवातीलाच युरेनियम डायऑक्साइडची, म्हणजे यू-ओ-टूची, भुकटी लावली. हे आमचं संदर्भाचं सँपल. सगळे चार देणारे, एकच पीक यायला हवा. पीक आला, पण त्याच्या उजव्या बाजूला एक खांदा होता. लहानसा, पण होता. आधी वाटलं पिशवी गळते आहे, हेलियम तपासला. मग वाटलं बीममुळेच सँपल बिघडतंय, म्हणून जागा सरकवून लागोपाठ झटपट स्कॅन घेतले. खांदा पहिल्या स्कॅनपासून तसाच होता, वाढतही नव्हता. रात्री तीनला मी इंदूरच्या फाइली उघडल्या. हीच भुकटी, याच कुपीतली, आणि तिथे संशयाला जागाच नव्हती.

कारण कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून हॉलमध्ये एक फेरी मारून आले. इंदूरचे किरण प्रत्येक कणाच्या आरपार जात होते. इथले किरण कणाच्या वरच्या एका मायक्रॉनच्याही आतच संपतात, त्यांना दिसते ती नुसती साल. खलात बारीक कुटलेली भुकटी मी कित्येक महिने साध्या कुपीत ठेवली होती. कणाचा गाभा चारचाच राहिला, पण सालीवर हवेतला ऑक्सिजन चढला आणि तिथल्या काही अणूंनी पाचवा इलेक्ट्रॉन देऊन टाकला. दोन्ही ठिकाणची मोजणी खरी होती. कुपी आर्गनमध्ये ठेवायला हवी होती, ते माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं.

नशिबाने त्याच खोक्यात डायऑक्साइडच्या गोळीचा एक तुकडा होता. अखंड, ताजा फोडलेला, आर्गनखाली सीलबंद केलेला. सकाळी सहाला तो लावला. खिडकीबाहेर बेलडोनच्या डोंगरांवर ऊन येत होतं, पण माझं लक्ष पडद्यावर होतं. ठिपके एकेक करत चढले आणि उतरले. उजवी बाजू सरळ खाली आली, खांदा नाही.

मग मी लॉगबुक मागे उलटलं. भुकटीच्या नोंदीपुढे लिहिलेलं 'यू-ओ-टू' खोडून 'यू-ओ-टू-प्लस-एक्स' लिहिलं, आणि उरलेल्या पाच शिफ्टांपैकी एक तो जास्तीच्या ऑक्सिजनचा एक्स मोजण्यासाठी बाजूला काढली.