भुयारात गेलेली गाडी

दर वर्षी २० मार्चला आम्ही महाडला जातो. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याची ओंजळ घेतली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तळ्याला वंदन करायचे, पुस्तकांच्या स्टॉलवरून दोन-चार पुस्तके घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत गावी पोहोचायचे, हा आमच्या घराचा शिरस्ता. यंदा मात्र सामानात एक पत्र्याची पेटी जास्त होती. तिच्यात होती माझ्या पुतण्याने आणि धाकट्या मुलीने बनवलेली, रिमोटवर चालणारी गाडी. तीही लोखंडाची नव्हे, एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या विटांची.

गाडी कशासाठी, ते सांगतो. आमच्या गावामागच्या डोंगरात एक बीळ आहे. (गावाचे नाव मुद्दामच देत नाही. नाव छापले की पहारी घेऊन माणसे धावतील.) कातळात चौकोनी तोंड आणि आत काळोख. पूर्ण वाढलेला माणूस पोटावर झोपूनही धड शिरू शकणार नाही, एवढीच फट. गावात त्याला भुयार म्हणतात. हे भुयार थेट रायगडावर निघते, असे प्रत्येक जण सांगतो. महाड तालुक्यातले झाडून सगळे भुयार रायगडावरच कसे निघते, हे मला कधी कळले नाही. पांडवांनी एका रात्रीत कोरायला घेतले, कोंबडा आरवला आणि काम अर्धे राहिले, हेही आलेच.

पण आमच्या घरापुरती या गोष्टीला आणखी एक शेपटी आहे. बिळाच्या डाव्या हाताला कातळात खोदलेले पाण्याचे टाके आहे, आता कोरडे. माझ्या पणजोबांनी उन्हाळ्यात गुरे चारताना त्या टाक्यातले पाणी प्यायले, आणि त्याच रात्री भुयार मातीने बुजले, असे गावात सांगितले जाई. "तुमच्या म्हाताऱ्याने वाट बंद केली," हे मी लहानपणी शाळेच्या वाटेवर ऐकले आहे. कोणत्या साली बंद केली, हे कोणी सांगत नसे. आज असे तोंडावर कोणी बोलत नाही. पण माझी काकी, वय ऐंशीच्या पुढे, अजून त्या डोंगराकडे पाठ करून बसते. "नको रे त्या बाजूला. आपल्यावर आळ हाय त्याचा," म्हणते.

मुलीने हे गेल्या वर्षी ऐकले आणि विचारले, "बाबा, आत जाऊन कोणी बघितलं का?" कोणीही बघितले नव्हते. माणसाने आत जाण्यात धोकाही असतो. कोंदट जागेत हवा खराब असू शकते, साप असतो, वटवाघळांच्या घाणीतून आजार होतात. मी साफ नाही म्हटले. तेव्हा आयटीआयमध्ये शिकणारा पुतण्या म्हणाला, "काका, माणूस कशाला? गाडी पाठवू."

या विटा मूळच्या डेन्मार्कच्या. बिलुंड नावाच्या गावातल्या ओले किर्क क्रिस्तियान्सेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली, त्यातून लेगो कंपनी उभी राहिली. आजची वीट १९५८ सालची. तेव्हाची वीट आजच्या विटेवर खट्‌कन बसते. मी वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढले, म्हणून मला त्याचे जास्त कौतुक. एका टोचापासून दुसऱ्या टोचाचे अंतर नेमके आठ मिलिमीटर, आणि साचा असा काटेकोर की दोन तुकडे हाताने निघतात पण आपोआप सुटत नाहीत. किमती मात्र आपल्या खिशाच्या नाहीत. पोरांनी जुन्या बाजारातून सुटे तुकडे जमवले. काही असली, काही नकली. मोटारी, बॅटरीचा डबा आणि रिमोट तेवढे पुतण्याने शिकवणीच्या पैशांतून जुनेच विकत घेतले.

पहिली गाडी कुर्ल्याच्या खोलीत खाटेखाली चालवली. छान पळाली. पण गोधडीची घडी आडवी आली की जागच्या जागी घरघर. वेग होता, जोर नव्हता. मग मी मध्ये पडलो. आठ दातांच्या चाकाने चोवीस दातांचे चाक फिरवायचे, म्हणजे वेग तिसऱ्या हिश्शावर येतो आणि जोर तिप्पट होतो. तसेच पुन्हा एकदा केले की नऊपट. (थोडा घर्षणात जातो, पण हिशेब हाच. आमच्या लेथमध्ये आणि या खेळण्यात काही फरक नाही.) गाडी मुंगीच्या चालीने निघाली, पण गोधडीवर चढली. डाव्या चाकांना एक मोटार, उजव्यांना एक. दोन्ही पुढे फिरवल्या की सरळ, एक पुढे एक मागे केली की जागेवर वळण. वर सहा पेन्सिल सेलचा डबा आणि त्यावर रबरबँडने बांधलेला जुना मोबाईल, टॉर्च लावलेला, चित्रीकरण चालू. मागे नायलॉनची दोरी आणि दोरीला फुटाफुटावर गाठ. गाडी अडली तर ओढायला दोरी, आणि किती आत गेली ते मोजायला गाठी. ही गाठींची युक्ती मुलीची.

महाडला तळ्यावर गर्दी नेहमीप्रमाणे अलोट. उन्हात रांगेत उभे असताना पेटीत काय म्हणून चार जणांनी विचारले. तिथून आम्ही गांधारपाल्याला गेलो. मुंबई-गोवा रस्त्यालगत, महाडपासून हाकेच्या अंतरावर ही बौद्ध लेणी आहेत. चवदार तळ्याला येणाऱ्या पुष्कळ बांधवांना अजून ठाऊक नसतात. पायऱ्या चढून गेले की खाली गांधारी आणि सावित्रीचा संगम दिसतो. इथल्या ब्राह्मी लेखात कानभोज विष्णुपालित या कुमाराने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि दोन पोढ्या दान केल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. मुलीला मी ते शब्द समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "म्हणजे गावातलं टाकं पण पोढीच?" मी म्हटले, दिसते तशीच, पण लेख नाही, तेव्हा ठामपणे बोलू नये.

गांधारपाल्याला आम्ही गाडी पेटीबाहेर काढली नाही, हे मुद्दाम लिहितो. ती संरक्षित लेणी आहेत. तिथे असले प्रयोग परवानगीशिवाय कोणी करू नयेत. हौसेपायी कोरीव दगडाला ओरखडा पडला तर तो भरून येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ, वहिनी, पोरे आणि मी डोंगर चढलो. काकी आली नाही. बिळाचे तोंड पश्चिमेला आहे, म्हणून सकाळची वेळ धरली होती. या रिमोटमधून टीव्हीच्या रिमोटसारखा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो. भर उन्हात गाडीवरचा डोळा दिपतो आणि हुकूम ऐकत नाही. काळोखात मात्र उत्तम चालतो.

पहिल्या खेपेला गाडी सहा गाठींवर थांबली. ओढून काढली तर चाकांना वटवाघळांची घाण आणि माती यांचा लेप. प्लॅस्टिकचे टायर नुसते गरगर फिरत होते. भावाने सायकलची जुनी ट्यूब कापून चाकांवर चढवली. दुसऱ्या खेपेला ती सरळ एकोणीस गाठी गेली आणि थडकली. दोरीने परत आणली, मोबाईल पुसला आणि आम्ही सगळे डोके एकत्र करून बसलो.

पडद्यावर आधी नुसती माती. मग वर सपाट छत. आपोआप झालेली गुहा अशी नसते. रंध्याने साफ केल्यासारखे छत, आणि छताला भिंत काटकोनात मिळालेली. तीन बाजूंनी भिंती. म्हणजे ही एक खोलगट ओवरी होती, छतापासून सव्वा फूट सोडून मातीने भरलेली. रायगडाची वाट एकोणीस फुटांत संपली. पुतण्या हसला. पण मुलीने बोट ठेवले: "उजवीकडे काहीतरी आहे." चौदाव्या फुटाजवळ भिंतीत काळा चौकोन दिसत होता. दरवाजाचा माथा.

तिथे वळायचे तर गाडी दिसेनाशी होणार, आणि दिसेनाशी झाली की रिमोटचा प्रकाशही पोहोचणार नाही. दोन वेळा वळवली, दोन्ही वेळा मुकी झाली. सगळे गप्प बसले. तेव्हा वहिनी म्हणाली, "आरसा धरा ना कोपऱ्यात." घरी जाऊन तिने भिंतीवरचा आरसा आणला, भावाने शिडीचा लांब बांबू आणला. बांबूच्या टोकाला आरसा तिरका बांधून आत सरकवला. गाडीच्या टॉर्चचा उजेड आरशात दिसला की समजायचे, रिमोटही पोहोचतो. इतकी सोपी गोष्ट वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षे काढलेल्या मला सुचली नाही.

जर्मनीच्या रुडोल्फ गांटेनब्रिंक या अभियंत्याने मार्च १९९३ मध्ये इजिप्तच्या महापिरॅमिडात असेच एक यंत्र पाठवले होते. राणीची खोली म्हणतात तिथून वर जाणारी वीस सेंटिमीटर रुंदीची फट. यंत्र साठ मीटरहून जास्त वर चढले, आणि पुढे दगडाची फळी निघाली, तिला तांब्याच्या दोन खुंट्या. २००२ साली त्या फळीला भोक पाडून पाहिले, तर मागे आणखी एक दगड. यंत्राचे नाव होते उपुआउत, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या भाषेत वाट उघडणारा. मला त्यावरून कान्हेरीचा एक लेख आठवतो. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने कान्हेरीच्या डोंगरावर एक वाट दान केली, असे तिथे कोरले आहे. राजाने लेणे दिले, सोनाराने पोढी दिली, लोहाराने वाट. मला तो लोहार फार जवळचा वाटतो.

आमची गाडी आरशाच्या भरवशावर उजवीकडे वळली. गाठी सरकत गेल्या. सतरा, एकोणीस, एकवीस. तेविसाव्या गाठीवर दोरी एकदम सैल पडली आणि आरशातला उजेड गेला. गाडी उतारावरून तोंडावर पडली होती. हळूहळू ओढली. दरवाजाच्या कडेला अडकली, थोडा जोर लावला, कड्‌ असा आवाज झाला, आणि बाहेर आली ती तीन चाकांची.

चित्रण मोजून चार मिनिटांचे. त्यात एका माणसाला पुरेल अशी लहान खोली आहे. दरवाजाच्या कडेला चौकट बसवण्याची चौकोनी खाच. मागच्या भिंतीवर छिन्नीचे घाव तिरके, ओळीने, जवळजवळ सारख्या अंतरावर. हात बसलेल्या कारागिराचे काम ओळखू येते. मूर्ती नाही, लेख नाही. भिक्खूची खोली असावी असे मला वाटते. सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही.

आणि येताना, मोठ्या ओवरीत गाडी फिरली तेव्हा, डाव्या मागच्या कोपऱ्यात छताला पडलेली भेग दिसली. भेगेतून मुळे लोंबत होती. तिच्याखाली मातीचा ढीग सुपातून ओतल्यासारखा, तिथे उंच आणि तोंडाकडे उतरत आलेला. ढिगावर थरावर थर. दर पावसाळ्यात वरच्या उताराची माती त्या भेगेतून झिरपली होती. किती शे वर्षे, ते जाणकार सांगतील. एका रात्रीचे काम ते नव्हते.

संध्याकाळी काकीला ओट्यावर बसवून मोबाईल दाखवला. तिला आधी काही कळेना. मुलगी शेजारी बसून सांगत होती, "आजी, हे छत, ही भेग, ही बघ माती इथून आली." काकीने डोळे बारीक केले. "पुन्हा लाव ते." पुन्हा लावले. तिसऱ्या वेळी तिने भेगेवर बोट टेकवले, तर चित्र थांबले, म्हणून घाबरून हात मागे घेतला. मग म्हणाली, "पावसानं केलं व्हय रे सगळं." आणि बराच वेळ काही बोलली नाही. पुढे तिने विचारले, ती खोलीत झोपणारी माणसे पाणी कुठले पीत असतील. मुलगी म्हणाली, "बाहेरच्या टाक्यातलंच."

रात्री गावातले दोघे-तिघे चित्रण बघायला आले. एकाने बघून मान डोलावली. दुसरा म्हणाला, खरे भुयार याच्याही खाली आहे, गाडी वरून गेली. त्याच्याशी वाद घातला नाही. चहा घेऊन गेला.

आम्ही तिथे काही खणलेले नाही, दगड हलवलेला नाही. मोजमापे, नकाशा आणि चित्रणाची प्रत पुरातत्त्व खात्याला पाठवली आहे. मुलीने स्वतःच्या हस्ताक्षरात अर्ज लिहिला आणि खाली, मला न विचारता, एक ओळ वाढवली: आमचे एक चाक आत राहिले आहे, सापडल्यास परत द्यावे.