बेंड पाइपातली जाळी

खंडाळा म्हटलं की लोक गाणं गुणगुणायला लागतात. ते खंडाळा लोणावळ्याशेजारचं. आमचं सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या अंगावरून घाट चढतात आणि साताऱ्याकडून येणाऱ्या बोगद्यातून बाहेर पडतात. इंजिनाच्या आवाजावरून ट्रक कितव्या गिअरमध्ये आहे, हे इथल्या पोरांना शाळेत असतानाच कळायला लागतं.

माझी पदवी मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरमधली. हा विनोद आता जुना झालाय. २०२१ मध्ये पहिली मोटरसायकल घेतली, तीही बीएस-सिक्स. १ एप्रिल २०२० पासून ही मानकं लागू झाली आणि बहुतेक दुचाकींचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्यावर मित्रांचं एकच म्हणणं, 'नव्या गाड्यांचा दम कोंडलाय.' दम कोंडणारी वस्तू म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

आमच्याकडे पुंगळी काढणं ही जुनी कला आहे. सायलेन्सरच्या आतली नळी काढली की बुलेट फटाके फोडते. मला तसलं काही नको होतं. मला फक्त गाडी मोकळी करायची होती, असं मी स्वतःला सांगत होतो. माझ्या गाडीचा कन्व्हर्टर बेंड पाइपात, इंजिनाच्या अगदी जवळ होता. साधारण अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही, म्हणून त्याला इंजिनाजवळ बसवतात. गॅरेजवाल्याने पाइप कापला, मधाच्या पोळ्यासारखी जाळी बाहेर काढली आणि पाइप पुन्हा वेल्ड केला. मजुरी विचारली तर म्हणाला, "राहू द्या दादा, जाळी ठेवतो मी." मला तो फार दिलदार वाटला.

त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ थर असतो. महाराष्ट्रात ठिकठिकाणी इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेले, ते ह्याच धातूंसाठी. मी ते वाचलं होतं, परीक्षेत कन्व्हर्टरची आकृती काढून मार्कही घेतले होते. पण त्या दुपारी ह्यातलं काहीच आठवलं नाही.

आठवलं तेही सोयीचं तेवढंच. गाडीतला ऑक्सिजन सेन्सर जाळीच्या आधी बसवलेला होता. म्हणजे जाळी गेल्याचं गाडीच्या संगणकाला कळणारच नव्हतं. आणि तसंच झालं, डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही. पीयूसीवाल्याने नळी धरली न धरली, नंबरप्लेटचा फोटो काढला आणि कागद हातात दिला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असले बदल करू देत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या नियमभंगाचा दंड दहा हजारांपर्यंत गेलाय, हे मला नंतर समजलं. पण आधी समजलं असतं तरी मी थांबलो असतो, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

दम मात्र वाढला नाही. घाटात पूर्वी जिथं तिसरा टाकावा लागायचा, तिथंच तो आताही लागत होता. आवाज थोडा जाड झाला होता आणि मी त्यालाच ताकद समजत होतो.

एका रविवारी वाईला निघालो. मी पुढे, आण्णा त्यांच्या जुन्या गाडीवर मागे. घाट चढून गेल्यावर त्यांनी हात करून थांबवलं. डोळे पुसत म्हणाले, "काय केलंयस रं गाडीला? मागं राहवंना."

"ट्रकचा धूर असेल, आण्णा."

ते काही बोलले नाहीत. शिरवळच्या कंपनीत त्यांची तीस वर्षं ह्याच रस्त्यावर गेली आहेत. परतताना त्यांनी माझ्या गाडीची किल्ली मागितली. "मी चालवतो. तू ये माझ्या मागनं."

बोगद्यात शिरलो आणि कळलं. डिझेलचा धूर वेगळा असतो. हा उग्र, कच्च्या पेट्रोलसारखा वास थेट पुढच्या गाडीतून येत होता. हेल्मेटची काच खाली असूनही डोळे चुरचुरायला लागले. आण्णा एकाच वेगात शांतपणे चालले होते. मला ओलांडून जाता आलं असतं, पण गेलो नाही.

घरी आल्यावर जुन्या नोट्स काढल्या. संगणक दर क्षणी सेन्सर वाचतो आणि एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हे प्रमाण राखायला बघतो. ह्याच प्रमाणाच्या आसपास जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं ह्या तिघांनाही एकदम निकामी करू शकते. म्हणजे माझी गाडी घाट चढताना, उतरताना, सिग्नलला उभी असताना काटेकोरपणे मिश्रण सांभाळत होती, आणि ज्या जाळीसाठी सांभाळत होती ती केव्हाच भंगारात गेली होती. बंद पडलेल्या सर्व्हरला इमानाने डेटा पाठवत राहणारा कोड मी ऑफिसात पाहिलाय. तो लिहिणाऱ्याला आम्ही हसतो. इथे सर्व्हर मीच उपटून टाकला होता.

आणि ती जाळी माझ्यासाठी नव्हतीच. चालवणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. तिचं सगळं काम मागून येणाऱ्यासाठी. म्हणून तर काढताना मला काही गमावल्यासारखं वाटलं नाही.

गॅरेजवाल्याकडे गेलो तेव्हा जाळी विकून महिना झाला होता. नवा बेंड पाइप मागवला. महिन्याच्या पगाराला चांगलंच भोक पडलं. बसवताना तोच गॅरेजवाला म्हणाला, "दादा, उलटं काम करणारं पहिलंच गिऱ्हाईक तुम्ही."

पुढच्या रविवारी आण्णा पुन्हा माझ्या मागे होते. घाट संपल्यावर मी मुद्दाम थांबलो. ते हात न करता, न बघता पुढे निघून गेले.