शिखरानंतरची वाट

चरित्रवाङ्मय शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर एकच आराखडा काढत आलो: खडतर आरंभ, उपेक्षा, ध्यास आणि अखेरीस यश. शास्त्रज्ञांची मराठी चरित्रे बहुधा याच घाटाची. फ्रान्स्वाज बारे-सिनूसी यांच्या आयुष्याला मात्र हा आराखडा बसेना.

कारण येथे यश आरंभीच येते. जानेवारी १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीचा तुकडा तपासणीस आला. पस्तीस वर्षांच्या बारे-सिनूसी यांना त्यातील पेशींत नव्या विषाणूची चाहूल लागली. पण पेशीच मरू लागल्या. तेव्हा रक्तदात्याच्या ताज्या पेशी घालून विषाणू जगवावा लागला. ज्याचा नायनाट करायचा, त्यालाच आधी पोसायचे! मे महिन्यात शोधनिबंध प्रसिद्ध झाला; २००८ मध्ये नोबेल मिळाले.

आम्हांस मात्र नोबेलपेक्षा त्यांनी सांगितलेला एक प्रसंग अधिक अस्वस्थ करतो. एड्सवर औषध नव्हते त्या काळी सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात एका मरणासन्न रुग्णाने त्यांचा हात धरून आभार मानले. कशाबद्दल, असे विचारता तो म्हणाला, माझ्यासाठी नव्हे, इतरांसाठी. दुसऱ्या दिवशी तो गेला.

हे वाचताना आमच्या आळीतला एक तरुण आठवला. १९९४ साली तो अंथरुणास खिळला. घरचे क्षय म्हणत, आळी दुसरेच कुजबुजे. आम्ही भेटीस गेलो. स्पर्शाने हा रोग होत नाही, हे आम्ही वाचलेले होते. तरी त्याने हात पुढे केला, तेव्हा आम्ही उंबरठ्यावरूनच दोन्ही हात जोडले आणि निघालो. त्या नमस्काराइतका खोटा नमस्कार आम्ही आयुष्यात केलेला नाही.

१९९६ च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याचे उपचार आले आणि मृत्यू थोपवता येऊ लागला. पण थोपवणे म्हणजे बरे करणे नव्हे. हा विषाणू आपली जनुके पेशीच्या डीएनएतच गोवून टाकतो. अशा काही पेशी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. औषधाचा त्यांच्यावर इलाज चालत नाही. औषध थांबले की बहुतेकांत काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा उसळतो. टिमथी रे ब्राउन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी २००७ मध्ये मूलपेशी देण्यात आल्या. दात्याच्या पेशींवर विषाणूला शिरण्यासाठी लागणारे दारच नव्हते; ब्राउन एचआयव्हीमुक्त झाले. हा मार्ग जिवावरचा, सर्वांसाठी नव्हेच. पण बरे होणे अशक्य नाही, एवढे त्याने दाखवले. २०१२ मध्ये या रोगमुक्तीच्या संशोधनाची जागतिक रूपरेषा जाहीर झाली, तिच्या अग्रभागी बारे-सिनूसी होत्या. २०१५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. सर्वांना लागू पडेल असा इलाज आजही हाती आलेला नाही.

मग या चरित्राचा शेवट कोणता? ज्या 'इतरां'साठी तो रुग्ण आभार मानून गेला, त्यांची वाट अजून सरलेली नाही. यंदा फळ्यावर आराखडा काढताना शेवटचा चौकोन आम्ही रिकामाच ठेवला. एका विद्यार्थिनीने कारण विचारले. आम्ही तिला सॅन फ्रान्सिस्कोतला तो हात सांगितला. आळीतला हात सांगायचे धैर्य त्या दिवशी झाले नाही. म्हणून ते येथे लिहिले.