पोटदुखी आणि चारचा पाढा

"डॉक्टर, याचं पोट फक्त सकाळी दुखतं, रविवारी दुखत नाही." अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना मी एरवी शांतपणे समजावून सांगतो. जुलै २०२० मध्ये हीच तक्रार माझ्या घरात आली, आणि तिचं कारण मीच होतो.

त्या वर्षी मार्चपासून शाळा बंद होत्या. माझी भाची आमच्याच सोसायटीत राहते. ती बँकेत असल्यामुळे तिला रोज कामावर जावं लागे आणि तिचा तिसरीतला मुलगा दिवसभर आमच्याकडे असे. शाळेचा मोबाईलवरचा वर्ग तासाभराचा. उरलेल्या वेळासाठी मी वेळापत्रक लिहून फ्रीजवर चिकटवलं : ९ ते १० मराठी, १० ते ११ गणित, मग इंग्रजी, मग पाढे. औषधाची चिठ्ठी लिहावी तसं.

आठवड्याभरात त्याचं पोट दुखायला लागलं. रोज दहाच्या सुमारास, बेंबीभोवती. मी तपासलं. पोट मऊ, ताप नाही, शौचाला साफ, वजन ठीक. जंताचं औषधही देऊन झालं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तो कागद बघून दुखतंय त्याचं पोट!"

तिचं बरोबर होतं. अशी पोटदुखी म्हणजे नाटक नव्हे. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली असतात. ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते, आणि एरवी न जाणवणारी हालचालही दुखू लागते. मुलाला होणारा त्रास खराच असतो.

बुधवारी माझा दवाखाना बंद असतो. त्या बुधवारी मी कागद काढला.

सकाळी आजीने त्याला भिजवलेली मटकी मोजायला दिली. रात्री एक वाटी होती, आता दोन वाट्या भरल्या. "वरची वाटी कुठून आली?" हा प्रश्न त्याचाच. उत्तरही त्यानेच शोधलं आणि वहीत लिहिलं. मराठीचं लेखन झालं.

मग मी त्याला मनगटावरची नाडी शोधायला शिकवलं. १५ सेकंदांत २३ ठोके. मिनिटाचे किती? चारने गुणायचं. ९२! या वयात शांत बसल्यावर नाडी साधारण ७० ते ११० असते. वीस उड्या मारल्यावर १५ सेकंदांत ३३, म्हणजे १३२. ज्या चारच्या पाढ्यासाठी आठवडाभर रडारड झाली, तो त्याने तासाभरात दहा वेळा वापरला. दुपारी गच्चीत ठेवलेल्या सरळ काठाच्या डब्यातलं पावसाचं पाणी पट्टीने मोजलं : १४ मिलिमीटर.

नंतर त्याने आमचीही नाडी मोजली. आजी ७२, आजोबा ९६. "आजोबा, तुम्ही तर उड्या मारल्या नाहीत." मी काही बोललो नाही. त्या दिवसांत दवाखान्यातून घरी येताना माझी धास्ती मीही सोबत आणत होतो, आणि तीच बहुधा त्या वेळापत्रकात उतरली होती.

त्या दिवशी पोट दुखलं नाही. नंतर मधूनमधून दुखलं, पूर्ण थांबायला तीन आठवडे लागले.

मूल सुट्टीत, आजारपणात किंवा पावसामुळे घरी असेल, तर एवढं सांभाळा. एका बैठकीत २०-२५ मिनिटांहून जास्त अभ्यास नको. मोबाईलवर वर्ग असेल तर दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब, साधारण २० फुटांवर बघायला लावा. रोज काही वेळ उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळू द्या. चष्म्याचा नंबर लागण्याचा धोका त्याने कमी होतो. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी.

मात्र प्रत्येक पोटदुखी ताणाची नसते. दुखण्याने रात्री जाग येणं, उजव्या बाजूला खाली दुखणं, ताप, सतत किंवा हिरवी उलटी, शौचातून रक्त, वजन कमी होणं यांपैकी काहीही दिसलं, तर घरी उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

आणि यातलं काही नसेल, तर एकदा फ्रीजवर काय चिकटवलंय ते बघा.