तागडीच्या या बाजूस

वाणी म्हटला कीं सुशिक्षित घरांतून एक विशिष्ट हंसूं उमटतें. त्याची तागडी मारलेली, त्याचा गूळ ओला, त्याच्या मिऱ्यांत पपईच्या बिया, असा आपला पिढीजात समज आहे. आणि तो अगदींच निराधार आहे असें कोण म्हणेल? भेसळ करणारे लोक होते म्हणूनच १९५४ सालीं भेसळप्रतिबंधक कायदा करावा लागला. परंतु या समजाची दुसरी बाजू पाहण्याचा योग ज्यांना आला अशांपैकीं आम्ही एक आहों. १९७० नंतरचीं चार वर्षें आम्ही जालन्याच्या मोंढ्याजवळील एका किराण्याच्या पेढीवर कारकुनी करीत होतों, आणि गिऱ्हाइकांचें जग आम्हीं तागडीच्या अलीकडे बसून पाहिलें.

जालना हें मूळचें उदमी गांव. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर कादराबाद. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तेथें लहानथोरांच्या तोंडीं असे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. आमच्या वेळीं जालना औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. पेढीवर मराठी, दखनी उर्दू आणि मारवाडी या तिन्ही भाषा एकाच सौद्यांत सुखानें नांदत. वजनेंमापें दशमान होऊन बरीच वर्षें लोटलीं होतीं, तरी खेड्यांतील म्हातारीं माणसें ‘नवटाक जिरें’ असेंच मागत, आणि आमचे मुनीमजी क्षणाचाहि विलंब न लावतां मनांतल्या मनांत त्याचे ग्रॅम करून पुडा बांधीत.

मीठमिरची सारेच विकत. या पेढीचा लौकिक होता तो बारीक किराण्याबद्दल: केशर, वेलदोडे, लवंग, हिंग, जायपत्री आणि सुका मेवा. त्याची पारख शेठजींनीं आम्हांस हातीं धरून शिकविली. लवंगेंत नख खुपसावें. तेलाचा ओलावा दिसला तर ती जिवंत, नाहीं तर तिच्यांतलें तेल आधींच कोणीं तरी काढून घेतलें आहे. केशराची काडी कोमट पाण्यांत टाकावी. रंग सावकाश सुटला आणि काडी लालच राहिली तर तें खरें. मिरीं पाण्यांत टाकलीं कीं पपईचें बीं वर तरंगतें. मिरची रंगासाठीं ब्याडगीची, तिखटासाठीं गुंटूरची, हळद वसमतची निराळी आणि सांगलीची निराळी, जिरें उंझ्याचें. हिंगाचा मूळ चीक अफगाणिस्तानाकडून येतो आणि पीठ व गोंद यांच्या संगतीनें आपल्या डब्यांत शिरतो, हेंहि आम्हांस तेथेंच कळलें. भूगोल आम्हीं शाळेंत पाठ केला होता; त्याचा वास आम्हांस त्या कोठारांत आला.

एकदां घनसावंगीकडचे एक पाटील मुलीच्या लग्नासाठीं वेलदोडे घ्यावयास आले. शेठजींनीं दोन बोंडें फोडून पाहिलीं व म्हणाले, “पाटील, आज हे नेऊं नका. दाणा पोकळ आहे. आठ दिवसांनीं नवा माल येतोय.” पाटील रिकाम्या हातानें उठले. मुनीमजींच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण ते बोलले नाहींत. असे प्रसंग त्यांनीं पुष्कळ पाहिले होते.

पेढीची खरी कसोटी लागली ती १९७२ च्या दुष्काळांत. त्या वर्षीं मराठवाड्यांत पावसानें दगा दिला. शेतें ओस पडलीं, माणसें खडी फोडण्याच्या आणि तलाव खोदण्याच्या कामांवर गेलीं. रेशनवर परदेशची तांबडी मिलो ज्वारी आली, कामांवर सुकडी वाटली जाऊं लागली. आमच्या खतावणींतील बहुतेक खातीं शेतकऱ्यांचीं. मुनीमजींनीं ती वही पुढें ठेवून स्पष्ट सांगितलें, “शेठजी, हीं खातीं आतां बंद करा, नाहीं तर दिवाळीला आपलीच वही बंद करावी लागेल.” मुनीमजी निष्ठुर नव्हते. त्यांनीं उभा जन्म ती पेढी सांभाळली होती आणि त्यांचा हिशेब चोख होता.

शेठजींनीं दोन दिवस उत्तर दिलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं आम्हांस एक यादी लिहून घ्यावयास सांगितली: मीठ, मिरची, तेल, गूळ, चहा, काडेपेटी. एवढें ज्याच्या त्याच्या खात्यावर द्यावें, बाकी सर्व रोखीनें. आणि केशरामेव्याची नवी खरेदी वर्षभर थांबवावी, कारण तो पैसा आतां या यादींत गुंतणार. ज्या मालाचा त्यांना अभिमान, त्याच्याच बरण्या एकामागून एक रिकाम्या होतांना आम्हीं पाहिल्या. पुढें पाऊस आला. बरीचशी उधारी फिटली, कांहीं फिटली नाहीं. कांहीं घरें मुंबईपुण्याकडे गेलीं तीं परतलींच नाहींत. त्यांच्या पानांवर शेठजींनीं पुढें कांहीं लिहूं दिलें नाहीं.

यावरून पेढी म्हणजे धर्मशाळा होती असा समज वाचकांनीं करून घेऊं नये. उधारीचा भाव रोखीपेक्षां चढा असे. ज्याचें खातें एका दुकानीं त्याला दुसरीकडे पाऊल टाकणें कठीण जाई. निरक्षर माणसाला आपल्या नांवावर काय मांडलें आहे हें आमच्याच तोंडून ऐकावें लागे. एका म्हातारीनें आम्हांस विचारलें होतें, “लेकरा, बरोबर लिव्हलंस ना?” त्या प्रश्नानें आमची लेखणी जितकी सावध झाली तितकी ती कोणत्याहि परीक्षकानें केली नव्हती. एकाच्या सचोटीवर दुसऱ्याची चूल अवलंबून असली म्हणजे सचोटीला नुसता सद्गुण म्हणून भागत नाहीं. तें देणें होऊन बसतें.

विकणारानेंच मालाची साक्ष द्यावी ही कल्पना केवळ आपलीच नव्हे. लंडनमध्यें मिरीविक्यांच्या जुन्या संघांतून १३४५ सालीं किराणा व्यापाऱ्यांचा संघ निघाला, आणि मसाले निवडून त्यांचा कस पाहण्याचें काम पुढें दीर्घकाळ त्याच्याकडे होतें. आतां ती साक्ष कायदा देतो. पुड्यावर घटक, वजन, तारीख आणि किंमत छापलेली असते. हा लाभ लहान नव्हे. त्या म्हातारीच्या नातवाला आज कारकुनाच्या तोंडाकडे पाहावें लागत नाहीं. ते दिवस परत यावेत असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु ‘आज मला नेऊं नका’ असें कोणताहि छापील पुडा गिऱ्हाइकास सांगत नाहीं, आणि शेजाऱ्याच्या मिठासाठीं स्वतःची बरणी रिकामी ठेवणें हेंहि त्याच्या हातीं नाहीं.

असो. चार वर्षांचा पगार केव्हांच संपला. लवंगेंत नख खुपसून पाहण्याची संवय मात्र राहिली आहे, आणि घरच्या मंडळींना तिचा थोडा कंटाळा येतो.