साखरेची बरणी

कोल्हापूर हे गुळाचे गाव. दारी आलेल्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवावा, ही आपली जुनी रीत. तरीही गोड कुणाला आणि किती तातडीने द्यावे, हे आम्ही शिकलो ते एका शुभ शुक्रवारी.

क्रुसाच्या वाटेच्या वेळी वाचन करणारा तरुण अडखळू लागला. हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध झाले होते. आम्हांला वाटले, हा पिऊन आला आहे. आम्ही त्याला दरडावले. तोच त्याची आई पुढे धावली : "फादर, त्याला रागवू नका, आधी साखर आणा!" साखरपाणी पोटात गेल्यावर थोड्या वेळाने तो सावरला. आम्ही मात्र खजील झालो.

पुढे एका डॉक्टरांकडून उलगडा झाला. निरोगी माणसाची रक्तशर्करा उतरू लागली की इन्सुलिन आपोआप कमी होते. स्वादुपिंडातील ग्लुकागॉन यकृताला साठवलेली साखर सोडावयास लावते. मागोमाग ॲड्रेनलिन धावते; छाती धडधडते, घाम फुटतो. टोचून घेतलेले इन्सुलिन मात्र मागे घेता येत नाही. अशा रुग्णांत काही वर्षांनी ग्लुकागॉनची साथ बहुधा सुटते. साखर वारंवार फार उतरली, तर ॲड्रेनलिनही मंदावते आणि इशारा न मिळताच भान हरपते. काही आठवडे साखर उतरू न देण्याची दक्षता घेतली, तर ही जाग बऱ्याच अंशी परतू शकते.

त्या दिवशी मुलाने इन्सुलिन घेऊन उपवास धरला होता. सवलत मागणे त्याला श्रद्धेची उणीव वाटली. आजाऱ्यांना उपवासाचे बंधन नाही, हे आम्ही वेदीवरून कधी स्पष्ट सांगितलेच नव्हते. १९८३ च्या धर्मसंहितेचा ९१९ वा नियम तर आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एक तासाच्या उपवासातूनही मोकळे करतो.

आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. आता वेदीमागील खोलीत साखरेची बरणी असते. प्रिय बंधुभगिनींनो, रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमखाली गेली, तर मिस्सा संपण्याची वाट पाहू नका. रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही न घालता तत्काळ इस्पितळ गाठावे.

आणि कुणी अडखळला, तर त्याचा न्याय करण्याआधी त्याची विचारपूस करावी. आम्ही ती केली नव्हती.